'लुलू इन हॉलिवूड' : स्वतःपेक्षा इतरांविषयी अधिक मोकळेपणाने बोलणारे पुस्तक

कानांवर टेकलेला काळाभोर बॉबकट आणि कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस, एवढ्या ओळखीवर अमेरिकन मूकपटांतली नटी लुइस ब्रुक्स हिचा चेहरा आजही पोस्टरांवर आणि दिनदर्शिकांवर छापला जातो. तिचा एकही मूकपट न पाहिलेल्यांनाही तो चेहरा कोठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. त्यामुळे तिने स्वतः लिहिलेले 'लुलू इन हॉलिवूड' हाती घेताना मेजवान्या, प्रेमप्रकरणे, उतरती कळा आणि शेवटी थोडे हळहळणे अशा ठरावीक वळणाच्या आठवणी मिळतील, अशी माझी समजूत होती. पहिली वीस-पंचवीस पाने वाचली आणि ही समजूत मागे पडली. हे पुस्तक एका नटीने लिहिलेले असले, तरी त्यातली दृष्टी परीक्षकाची आहे आणि ती परीक्षक पगाराचे आकडेही विसरत नाही.

हे सलग आत्मचरित्र नाही, हे विकत घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे. बहुतांशी नियतकालिकांत सुमारे दोन दशकांच्या काळात प्रसिद्ध झालेले आणि नंतर सुधारलेले सात लेख १९८२ साली क्नॉफ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने एकत्र छापले, तेव्हा लेखिका पंचाहत्तर वर्षांची होती आणि न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एका लहानशा सदनिकेत एकटी राहत होती. २००० साली मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाने वाढीव आवृत्ती काढली. सातांपैकी तीन लेखांच्या शीर्षकांत दुसऱ्याच नट-नट्यांची नावे आहेत आणि आणखी एक लेख एका प्रसिद्ध नटीच्या अप्रसिद्ध भाचीविषयी आहे. लेखिकेची कारकीर्द जन्मापासून निवृत्तीपर्यंत क्रमाने समजून घेण्याची ज्याला इच्छा आहे, त्याची येथे निराशा होईल. ती कारकीर्द वाचकाला इतरांच्या कहाण्यांतून वेचून जुळवावी लागते.

जुळवल्यावर जे चित्र हाती येते ते थोडक्यात असे. १४ नोव्हेंबर १९०६ रोजी कॅन्ससमधल्या चेरीव्हेल या लहान गावात वकिलाच्या घरी जन्म. आई पियानो वाजवणारी, पुस्तकांची आवड असणारी आणि मुलांच्या रोजच्या देखभालीपेक्षा त्यांच्या कलागुणांत अधिक रस घेणारी. १९२२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, ती एका वयस्क सोबतिणीबरोबर न्यू यॉर्कला गेली आणि रूथ सेंट डेनिस व टेड शॉन यांच्या 'डेनिशॉन' या नृत्यसंस्थेत दाखल झाली. याच संस्थेत त्या वेळी पुढे नावाजलेली नर्तकी मार्था ग्रॅहम होती. दोन हंगामांनंतर रूथ सेंट डेनिसने साऱ्या नर्तकांदेखत तिला काढून टाकले. मग ब्रॉडवेवरचे नाच-गाण्यांचे कार्यक्रम, १९२५ साली झीगफेल्डची 'फॉलीज' आणि त्याच वर्षी पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा पाच वर्षांचा करार. १९२५ ते १९३८ या तेरा वर्षांत चोवीस चित्रपट, आणि त्यांतले ज्यांच्यामुळे तिचे नाव टिकले ते बहुतेक १९२८ ते १९३० या तीनच वर्षांतले. या चोवीसांपैकी काही पूर्ण नष्ट झाले आहेत, तर काहींचे तुकडेच उरले आहेत. १९२७ सालच्या 'नाऊ वुइ आर इन द एअर' या विनोदी मूकपटाचा सुमारे तेवीस मिनिटांचा भाग प्रागच्या चित्रपट संग्रहालयात सापडला तो अगदी अलीकडे, २०१६ साली.

पहिला लेख कॅन्सस ते न्यू यॉर्क या प्रवासाचा आहे आणि पुस्तकातला सर्वांत हसरा भाग हाच. खेड्यातून आलेल्या मुलीला आपली बोली, आपला पेहराव आणि जेवणाच्या टेबलावरचे आपले अज्ञान या तिन्हींची लाज वाटू लागते आणि ती या तिन्हींसाठी वेगवेगळे गुरू शोधते. सोडा फाउंटनवर काम करणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी तिचे कॅन्ससी उच्चार एकेक करून घासून काढतो, कोणता पदार्थ कोणत्या काट्याने खायचा हे हॉटेलांतले वेटर शिकवतात, आणि दुकानातल्या विक्रेत्या तिला कपडे कसे घालायचे ते दाखवतात. एका प्रतिष्ठित हॉटेलातून तिला निघावे लागते, मग फक्त स्त्रियांसाठी असलेल्या हॉटेलात ती जाते, आणि गच्चीवर तोकड्या कपड्यांत व्यायाम केल्याच्या तक्रारीवरून तेथूनही तिची रवानगी होते. हे सारे ती ज्या कोरड्या सुरात सांगते, त्यात स्वतःविषयी कणव नाही आणि आपण किती धीट होतो असा तोराही नाही. शिष्टाचार ही नक्कल करून शिकण्याची गोष्ट आहे, हे ज्या मुलीला सोळाव्या वर्षी कळले, तिला पुढे कॅमेऱ्यासमोर नक्कल न करता उभे राहता आले, हा संबंध लेखिका कोठेही शब्दांत मांडत नाही. मला मात्र तो सतत जाणवत राहिला.

दुसरा लेख विल्यम वेलमन दिग्दर्शित 'बेगर्स ऑफ लाइफ' (१९२८) या चित्रपटाच्या बाह्यचित्रणाचा आहे. छळणाऱ्या पालक-पित्याला ठार करून पुरुषी वेशात मालगाड्यांतून पळणाऱ्या मुलीची ती भूमिका होती आणि चित्रण मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या हाकुंबा येथे झाले. धावत्या गाडीवर चढण्याचे धोक्याचे काम नटीकडूनच करवून घेण्याची दिग्दर्शकाची हौस, सहनट वॉलेस बीरीची दमदार उपस्थिती, दारू, धूळ आणि रेल्वेचे सांधे हे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र लेखाचा कणा आहे तो एका स्टंटमनने सकाळी साऱ्या युनिटसमोर तिचा केलेला घाणेरडा अपमान. लेखिका तो प्रसंग शब्द न गाळता लिहिते, त्यावर एकही भाष्य करत नाही आणि लगेच पुढच्या दृश्याच्या तयारीकडे वळते. स्टुडिओच्या जगात नटीची प्रतिष्ठा किती पातळ कागदाची असते, हे सांगण्यासाठी तिला वेगळा परिच्छेद लागत नाही.

पुस्तकाचा गाभा म्हणावा असा लेख शेवटी येतो, आणि तो दिग्दर्शक पाब्स्ट व त्याच्या 'पँडोराज बॉक्स' या मूकपटात तिने साकारलेली लुलू यांच्याविषयी आहे. १९२८ साली मूकपट जाऊन बोलपट येत होते आणि या स्थित्यंतराचा उपयोग करून पॅरामाउंटने तिची ठरलेली पगारवाढ नाकारली; पूर्वीच्याच पगारावर राहायचे तर राहा, नाहीतर जा, असे बी. पी. शुल्बर्ग या निर्मिती-प्रमुखाने तिला सांगितले आणि तिने जाणे पसंत केले. त्याच भेटीत तिला समजले की, गेओर्ग विल्हेल्म पाब्स्ट नावाचा कोणी जर्मन दिग्दर्शक आपल्याला बर्लिनला बोलावतो आहे. होवर्ड हॉक्सच्या 'अ गर्ल इन एव्हरी पोर्ट'मध्ये तिला पाहून पाब्स्टला जर्मन नाटककार वेडेकिंडच्या नाटकांतली लुलू सापडली होती. तिचा होकार बर्लिनला पोहोचला त्या वेळी त्याच भूमिकेसाठी जर्मन नटी मार्लीन डीट्रिख पाब्स्टच्या कार्यालयात बसलेली होती. जर्मन रंगभूमीवरच्या एका वादग्रस्त आणि गाजलेल्या व्यक्तिरेखेसाठी अमेरिकन मुलगी निवडली म्हणून तेथे मोठी नाराजी होती आणि ९ फेब्रुवारी १९२९ रोजी बर्लिनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ही नटी अभिनयच करत नाही, असा आक्षेप घेतला गेला. कित्येक देशांत तर त्यावर इतकी कात्री चालली की कथाच ओळखू येईना.

अभिनय न करण्याचा हा आक्षेप लेखिका खोडून काढत नाही. पाब्स्ट काम कसे करत होता ते सांगते, आणि उत्तर आपोआप मिळते. प्रत्येक नटाशी पाब्स्ट त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळे बोलत असे. बुद्धिमान नटाला तो सविस्तर स्पष्टीकरण देई, जुन्या नाटकी नटाशी रंगभूमीच्या भाषेत बोले, आणि लुइसला मात्र एकच स्पष्ट भावना देऊन मोकळे सोडी. डॉक्टर शोनची भूमिका करणारा फ्रिट्झ कोर्टनर तिचा मनापासून तिरस्कार करत असे आणि दृश्यात तिला धरताना त्याच्या दहा बोटांचे वळ तिच्या दंडांवर उमटत. पाब्स्टने तो राग मिटवला नाही, तो चित्रपटात वापरला. काउंटेस गेश्विट्झची भूमिका करणारी अॅलिस रोबर्ट्स लुलूकडे प्रेमाच्या नजरेने पाहायला तयार होईना, तेव्हा पाब्स्टने कॅमेऱ्यामागून तिच्याशी प्रेमाचे संवाद स्वतः केले आणि पडद्यावर ती नजर लुलूकडेच लागलेली दिसावी अशी जुळणी केली. शेवटच्या भागात, लंडनच्या माळ्यावरच्या दारिद्र्यासाठी, त्याने लुइसचा स्वतःचा आवडता महागडा पोशाख मागून घेतला आणि फाडून, तेलात मळवून तिला परत दिला. स्टुडिओच्या गोदामातल्या चिंध्या घातल्या असत्या तर ज्या अपमानाची खूण तिच्या चालण्यात उतरली नसती, ती या फाटक्या आवडत्या पोशाखाने उतरवली. चित्रपट पाहताना पुढच्या वेळी मी त्या पोशाखाकडेच पाहत बसलो.

नृत्याच्या शिक्षणाने तिला शरीर दिले आणि पाब्स्टने त्या शरीराला गप्प राहण्याची मुभा दिली, असे हा लेख वाचून वाटते. मूकपटांतल्या बहुतेक नट्या भावना मागच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी डोळे विस्फारत, छाती धपापत. ही मात्र खोलीत शिरताना जशी शिरेल तशीच कॅमेऱ्यासमोर शिरते. ज्या गुणामुळे १९२९च्या समीक्षकांना ती निर्गुण वाटली, त्याच गुणामुळे आजच्या प्रेक्षकाला ती त्या पडद्यावरची एकमेव समकालीन व्यक्ती वाटते. पाब्स्टबरोबरच तिने 'डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल' केला आणि मग फ्रान्समध्ये 'प्री द बोते' (१९३०). यांपैकी पहिल्याविषयी पुस्तकात आणखी मजकूर हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लिलियन गिश आणि ग्रेटा गार्बो या दोन नट्यांवरचा लेख सर्वांत चर्चिला गेलेला आहे आणि माझा सर्वांत मोठा मतभेदही त्याच्याशीच आहे. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात बसून लेखिकेने 'फोटोप्ले' मासिकाचे जुने अंक वाचून काढले आणि त्याचा संपादक जेम्स क्वर्क गिशविषयी कसा सूर बदलत गेला, याचा माग काढला. तिचा निष्कर्ष असा की, स्वतःच्या भूमिका, कथा आणि दिग्दर्शक निवडण्याचे अधिकार मिळवलेल्या महागड्या नट्या निर्मात्यांना डोईजड झाल्या होत्या, आणि कमी पगारात आलेल्या गार्बोच्या यशाचा उपयोग गिशला जुनाट ठरवून बाजूला सारण्यासाठी केला गेला. प्रेक्षकांची आवड बदलली असे आपण ज्याला सहज म्हणतो, त्यामागे कोणाचा तरी हिशेब असतो, हे दाखवणारा एवढा तिखट लेख एखाद्या नटीने लिहिलेला माझ्या वाचनात नाही. तरीही पुरावा बहुतांशी एका मासिकाच्या पानांतला आहे, आणि कारस्थानाची कल्पना एकदा स्वीकारली की प्रत्येक गोष्ट त्यात बसू लागते. गिशचा 'द विंड' (१९२८) बोलपटांची लाट आल्यानंतर प्रदर्शित झाला आणि त्यात मेट्रो-गोल्डविन-मेयरला तोटा झाला. एका अलौकिक मूकपटाचे ते दुर्दैव स्टुडिओच्या केवळ दुष्टाव्याने पुरते उलगडत नाही. लेखिका गिशची बाजू घेताना स्वतःच्या जुन्या जखमेचाही हिशेब चुकता करते आहे, हे पाब्स्टवरचा लेख आणि हा लेख लागोपाठ वाचले की ध्यानात येते.

बाकीच्या लेखांविषयी थोडक्यात. विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सवरचा लेख सहृदय आहे. रंगमंचासाठी घडलेल्या त्याच्या विनोदाला चित्रपटाच्या तुकड्या-तुकड्यांच्या संकलनाने कसे कुरतडले, हे निरीक्षण चित्रपटाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे आहे. नट हम्फ्री बोगार्टवरच्या लेखात रंगभूमीवरचा सभ्य, सुस्थितीतल्या घरातला हम्फ्री आणि पडद्यावर बनवलेला 'बोगी' यांतली दरी ती दाखवते आणि 'इन अ लोनली प्लेस' या १९५० सालच्या चित्रपटात तो स्वतःच्या सर्वांत जवळ आला असे म्हणते. मला ते पटते. नटी मॅरिअन डेव्हिसची भाची पेपी लेडरर हिच्यावरचा लेख मॅरिअनचा जोडीदार, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या सॅन सिमिऑन येथील राजवाड्यातला आहे. श्रीमंत नातेवाइकांच्या आश्रयाने राहणारी, हुशार, थट्टेखोर आणि आतून विस्कटलेली ही मुलगी १९३५ साली पंचविशीत आत्महत्या करते. चित्रपटांच्या कोणत्याही इतिहासात जिचे नाव तळटीपेतही आले नसते, तिला लेखिकेने या पुस्तकात सर्वांत अधिक माया दिली आहे.

आता उणिवांविषयी. इतरांच्या बाबतीत निर्दय असणारी ही लेखणी स्वतःच्या आयुष्यातल्या मोठ्या पट्ट्यावरून भरभर पुढे सरकते. १९३८ साली जॉन वेनबरोबरच्या एका दुय्यम काउबॉय-पटाने कारकीर्द संपली. त्या चित्रपटात तिचा बॉबकटही उरलेला नव्हता. मग कॅन्ससमधल्या विचिटामध्ये नृत्यवर्ग काढण्याचा फसलेला प्रयत्न, न्यू यॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी आणि त्यानंतरची बेकारीची, दारूची वर्षे. या काळाविषयी वाचकाला जे कळते, ते बरेचसे बॅरी पॅरिस यांनी १९८९ साली लिहिलेल्या चरित्रातून. बालपणी शेजारच्या माणसाकडून झालेल्या अत्याचाराची जखमही या सात लेखांत उघडी होत नाही. वाढीव आवृत्तीतल्या एका छोट्या लेखात तिने आपण आत्मचरित्र का लिहिणार नाही याचे कारण दिले आहे : स्त्री-पुरुष संबंधांचे सत्य सांगितल्याशिवाय कोणाचेही आयुष्य कळत नाही, आणि ते सत्य लिहिण्याची आपली तयारी नाही. कॅन्ससच्या कर्मठ संस्कारांनी आपल्याला तेवढे बांधून ठेवले आहे, असे ती सांगते. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' ज्यांनी वाचले आहे, त्या मराठी वाचकांना ही तुलना टाळता येणार नाही. शाळेच्या वयात रंगरंगोटी करून पोट भरायला निघालेल्या हंसाबाईंनी जे सांगून टाकले, ते वाचनाने आणि बुद्धीने सज्ज असलेल्या लुइसला लिहिता आले नाही. मात्र स्टुडिओची यंत्रणा उलगडून दाखवण्याची जी ताकद लुइसकडे आहे, ती हंसाबाईंच्या कथनात नाही. त्यांना तिची गरजही नव्हती.

दुसरी उणीव अशी की लेखांचा क्रम वाचकाच्या सोयीचा नाही. 'पँडोराज बॉक्स' न पाहता जो हे पुस्तक उघडेल, तो शेवटच्या लेखापर्यंत लेखिका कोण आहे या प्रश्नातच अडकून राहील. म्हणून माझी सूचना अशी आहे की, आधी तो चित्रपट पाहावा, मग पाब्स्टवरचा लेख वाचावा आणि त्यानंतर पहिल्या पानाकडे वळावे. चित्रपटाची लांबी दोन तासांहून अधिक आहे आणि मूकपटाला सोबत करणारे संगीत प्रत्येक आवृत्तीत निरनिराळे आढळते. शक्य असल्यास साधे, पियानोप्रधान संगीत निवडावे, कारण जोरकस वाद्यवृंदात तिच्या चेहऱ्यावरचे बारीक बदल हरवून जातात.

कोणती आवृत्ती घ्यावी, हाही प्रश्न आहे. १९८२च्या पहिल्या आवृत्तीला 'न्यू यॉर्कर'चे संपादक विल्यम शॉन यांची प्रस्तावना आहे, आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती सुदैवाने मिळाली तर बांधणी व छायाचित्रांची छपाई यांसाठी ती जवळ ठेवण्यासारखी आहे. ज्यांना केवळ वाचायचे आहे त्यांनी २००० सालची वाढीव आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात आत्मचरित्र न लिहिण्याविषयीचा वर सांगितलेला लेख आणि इंग्रज समीक्षक केनेथ टायनन यांनी रॉचेस्टरला जाऊन तिची भेट घेतल्यावर १९७९ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलेला दीर्घ लेख, असे दोन्ही आहेत. विस्मरणात गेलेल्या या नटीकडे जग पुन्हा वळले त्यात टायनन यांच्या लेखाचा मोठा वाटा आहे. त्याआधी १९५५ साली पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहसंस्थेने भरवलेल्या प्रदर्शनात तिचे प्रमुख आंरी लांग्ल्वा यांनी लुइसचे प्रचंड छायाचित्र लावून गार्बो नाही, डीट्रिख नाही, आहे ती फक्त लुइस ब्रुक्स, अशी घोषणा केली होती आणि ईस्टमन हाउसचे जेम्स कार्ड यांनी पुढच्या वर्षी तिला रॉचेस्टरला आणून लिहिते केले होते. टायनन यांचा लेख थोडा भारावलेला आहे. तो आधी वाचू नये, नंतर वाचावा.

शेवटी लोटे आइस्नर यांचे टिपण आहे. ते दोन-चार पानांचेच असल्यामुळे घाईत गाळले जाण्याची भीती आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. जर्मन चित्रपटांच्या या थोर अभ्यासिकेने १९५२ साली आपल्या ग्रंथात ही नटी मोठी कलावंत आहे की केवळ सौंदर्यामुळे प्रेक्षक तिच्यावर गुण लादतात, असा प्रश्न विचारला होता, आणि पुढच्या आवृत्तीत तो प्रश्न काढून टाकून ती विलक्षण बुद्धिमत्तेची अभिनेत्री असल्याचे नमूद केले होते.